कित्ता नावाचं गाव

पत्र टाइप करून झालं होतं. ‘अर्जात नमूद विद्यार्थ्याची नोंद संस्थेच्या अभिलेखात आढळून येत नाही.’ खाली सचिवांच्या सहीची जागा, तिच्या डाव्या बाजूला माझी बारकी सही. असली पत्रं मी त्या वर्षात इतकी काढली होती की मजकूर कॉम्प्युटरमध्ये तयारच असायचा, फक्त नाव बदलायचं. या पत्रातलं नाव होतं शेख महेबूब शेख इमाम. ज्यांना ते द्यायचं होतं ते त्यांचे चिरंजीव रफीकभाई माझ्या टेबलासमोर उभे होते. बसा म्हटलं तरी बसत नव्हते.

“मॅडम, अजून एक डाव बघा ना,” ते म्हणाले. “अब्बा तिथंच शिकले हो. मास्तरनं छडी मारलेली खूण होती त्यांच्या हातावर. आमाला दाखवायचे.”

“रफीकभाई, तीनदा बघितलं. सिस्टीममध्ये नाही.”

“सिस्टीममध्ये नसंल. शाळेत तर होते.”

मी पत्र त्यांच्या हातात दिलं.

मी बिराजदार. मूळची निलंग्याची, म्हणजे लातूर जिल्ह्यातली, पण नोकरी नांदेडला झाली. एका शिक्षण संस्थेच्या मुख्य ऑफिसात रेकॉर्ड विभाग सांभाळला, आता रिटायर आहे. संस्थेच्या शाळा कंधार, भोकर, माहूर अशा पसरलेल्या, दोन लातूरला. माझं मुख्य काम दाखल-खारीज रजिस्टरांचं. शाळेत मूल आलं की त्याचं नाव, बापाचं नाव, जात, गाव, जन्मतारीख ज्या रजिस्टरात चढते ते हे. पुण्याकडे प्रवेश-निर्गम म्हणतात. आमच्याकडे निजामाच्या वेळचा शब्द टिकून आहे.

ही सगळी जुनी रजिस्टरं स्कॅन झाली होती. स्कॅन म्हणजे पानाचा फोटो. आमच्या सिस्टीमला फोटोतलं हस्ताक्षर वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक ओळ माणसानं वाचून टाइप केलेली होती. शोध लागतो तो या टाइप केलेल्या ओळींमध्ये, फोटोमध्ये नाही. एवढी साधी गोष्ट, पण आमच्या ऑफिसात ती कुणाच्या लक्षात राहिली नव्हती. माझ्याही नाही.

हे सगळं घडवून आणलं आमच्या सचिवांनी. सूर्यवंशी साहेब, अध्यक्षांचे जावई, पुण्याला राहून एमबीए केलेले. हुशार माणूस आणि कष्टाळू. फक्त जुना कागद म्हटलं की त्यांना शिंका यायच्या, धुळीच्याही आणि रागाच्याही. स्कॅनिंग संपल्याबरोबर मूळ रजिस्टरं पोत्यांत भरून भोकरच्या शाळेतल्या एका बंद खोलीत गेली आणि ऑर्डर निघाली. यापुढे उतारा फक्त सिस्टीममधून. सिस्टीममध्ये नाही म्हणजे रेकॉर्ड नाही.

रफीकभाईंचं कंधारला गाद्यांचं दुकान. कापूस पिंजून गाद्या, उशा, रजया करायच्या, पिढ्यान्‌पिढ्या तेच काम. त्यांची धाकटी मुलगी सना लातूरला दोन वर्षं हॉस्टेलवर राहून नीटचा अभ्यास करत होती आणि तिला मेडिकलची सीट लागली होती. पिंजारी म्हणून, ओबीसीतून. ती सीट टिकवायला व्हॅलिडिटी लागते. तुमचा जातीचा दाखला खरा आहे असं सांगणारा हा दुसरा दाखला. त्यासाठी आजोबा-पणजोबांचा शाळेतला जुना कागद हवा, आणि त्यावर जात लिहिलेली हवी. रफीकभाईंच्या स्वतःच्या टीसीवर जातीच्या रकान्यात नुसतं ‘मुसलमान’ होतं, ते जात पडताळणी कमिटी धरत नाही. कमिटीनं सोमवारपर्यंत मुदत दिली होती. मी हे सांगतेय तो दिवस गुरुवार होता.

तीनदा बघितलं म्हणजे मी काय केलं होतं तेही सांगते. पहिल्यांदा पूर्ण नाव अवतरण चिन्हांत टाकलं. असं टाकलं की कॉम्प्युटर ते शब्द तसेच, त्याच क्रमानं शोधतो. निकाल शून्य. मग ‘ऑर’ लावून नावाची सगळी रूपं टाकली, महेबूब ऑर मेहबूब ऑर महबूब ऑर मैबूब. ऑर म्हणजे यातलं कोणतंही चालेल. बरेच निकाल आले, पण एकाचाही बाप इमाम नव्हता. तिसऱ्यांदा ‘अँड’ लावलं, कंधार अँड शेख अँड इमाम. अँड म्हणजे सगळं एकत्र असलं पाहिजे. आठ जण निघाले, त्यात महेबूब कुणीच नाही. माझ्या लेखी विषय संपला होता. पानांचे फोटो एकेक करून बघायचे तर कंधारच्या एका शाळेचीच पानं शेकड्यांनी, आणि साल घरात कुणालाच माहीत नाही.

तेवढ्यात इंटरकॉम वाजला. सचिव साहेब होते.

“बिराजदार मॅडम, हे कित्ता गाव कोणत्या तालुक्यात येतं?”

“कोणतं गाव, साहेब?”

“कित्ता. आपले सगळ्यात जास्त माजी विद्यार्थी तिथले आहेत. डॅशबोर्ड समोर घेऊनच बसलोय. नांदेड शहराला मागे टाकलंय त्या गावानं! यंदाचा माजी विद्यार्थी मेळावा तिथेच घ्यावा असं अध्यक्षांना पत्र लिहिलंय. सही करून तुमच्याकडे जावकला पाठवलंय, फक्त तालुक्याची जागा मोकळी आहे. ड्रायव्हर म्हणतो मॅपवर सापडत नाही.”

मला हसू फुटलं, ते मी खोकल्यात लपवलं.

“आणि गंमत बघा,” साहेब उत्साहात होते, “गावात कित्ता आडनावाचेच लोक जास्त. मूळ घराणं असणार.”

“साहेब, कित्ता म्हणजे...” एवढं बोलून मी थांबले. समोर रफीकभाई उभे, हातात माझं पत्र. माझं हसू गेलं. “बघून सांगते साहेब,” म्हटलं आणि फोन ठेवला.

जुन्या रजिस्टरांत वरच्या ओळीतलंच खाली यायचं असेल तर मास्तर ते पुन्हा लिहीत नसत. ‘कित्ता’ लिहीत. म्हणजे वरच्याप्रमाणेच. दोन भाऊ एका दिवशी शाळेत घातले तर धाकट्याचं तेवढं नाव लिहायचं, बाकी बाप कित्ता, जात कित्ता, गाव कित्ता. कागदावर वाचणाऱ्याचा डोळा आपोआप वरच्या ओळीवर जातो. टाइप करणाऱ्या एजन्सीच्या लोकांनी जे दिसलं ते इमानदारीनं टाइप केलं, आणि कॉम्प्युटरला वर बघायची सवय नाही. त्यामुळे आमच्या संस्थेत हजारो मुलं अशी तयार झाली होती की ज्यांचा बाप कित्ता, जात कित्ता आणि मुक्काम पोस्ट कित्ता.

दोष एजन्सीचा म्हणावा, तर नमुना तपासणी माझ्याकडेच होती. काही पानं काढून रजिस्टर आणि स्क्रीन शेजारी ठेवून मी ताडून बघितली होती. रजिस्टरात कित्ता, स्क्रीनवर कित्ता. अक्षर न्‌ अक्षर जुळत होतं. ‘तपासले, बरोबर आहे’ असं लिहून मी सही ठोकली होती. त्या क्षणी मला स्वतःची लाज वाटली. ‘आढळून येत नाही’ची पत्रं घेऊन किती माणसं मुकाट परत गेली असतील, त्यातल्या किती जणांची नोंद एखाद्या कित्त्याखाली पडून असेल, हे मला आजही सांगता येणार नाही.

“रफीकभाई, ते पत्र इकडे द्या,” मी म्हटलं.

“का हो मॅडम? चुकलं का काई?”

“हाव. माझंच चुकलं. आता बसा बघू.”

या वेळी ते बसले. सना खालून झेरॉक्स घेऊन आली तीही शेजारी बसली. बारीक चणीची मुलगी, हातात फाइल, फाइलला चार रंगांचे टॅग. मी ॲडव्हान्स सर्च उघडलं. आता माणूस शोधायचा नव्हता, मास्तरांचा कंटाळा शोधायचा होता. शाळा कंधार, अँड वडील कित्ता, अँड गाव कित्ता. नावाच्या रकान्यात मी म टाकला, मग चांदणी, मग ब, मग पुन्हा चांदणी. कीबोर्डवर आठच्या डोक्यावर जी चांदणी असते ती. चांदणी म्हणजे इथे काहीही चालेल. महेबूबचं कुणी म्हैबू केलं असेल, कुणी मेबूब, सगळे या जाळ्यात यायला पाहिजेत.

आले ते वेगळेच. मुक्ताबाई, मथुराबाई, मंजुळाबाई, मैनाबाई. सुरुवातीला म आणि पुढे कुठे तरी ब. त्या काळी पहिलीतल्या मुलीचं नावही बाई लावूनच चढायचं. स्क्रीनभर बायका.

“एवढ्या समद्या कित्त्याच्याच?” रफीकभाईंनी विचारलं.

“थांबा, आत्ता घालवते.” मी ‘नॉट’ लावलं. नॉट म्हणजे हे सोडून. नॉट, चांदणी, बाई. बायका गेल्या, दोन नावं उरली. एक मारोतीबा. दुसरं मैबू.

रफीकभाई खुर्चीतून अर्धे उठले. “मैबू! घरात अब्बाला मैबूच म्हणायचे. दादी तर शेवटपर्यंत मैबूच म्हणायची.”

नोंद उघडली. क्रमांक दोनशे तेरा. नाव मैबू. वडील कित्ता. आडनाव कित्ता. जात कित्ता. गाव कित्ता. जन्मतारीख तेवढी खरी.

म्हणजे वरची ओळ बघायची. शोधाच्या अटी काढून टाकल्या आणि त्या रजिस्टराच्या सगळ्या नोंदी क्रमांकानं लावून घेतल्या. मैबूच्या वरती होता नामदेव. वडील विठोबा, जात मराठा, गाव कंधारजवळचं एक खेडं. सगळे रकाने ठणठणीत भरलेले, एकही कित्ता नाही.

रफीकभाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. “मॅडम, मंजे आमी मराठे?”

“सिस्टीमप्रमाणे, हो.”

“कधीपासून?”

“आज दुपारपासून.”

ते हसले. असा उतारा कमिटीपुढे गेला असता तर शेख महेबूब हा विठोबाचा मुलगा ठरला असता. पोरीची सीट राहिली बाजूला, खोट्या कागदाची केस झाली असती. ज्या शोधावर मी दोन मिनिटांपूर्वी खूष होते त्याचीच भीती वाटायला लागली.

सना मात्र स्क्रीनच्या कोपऱ्याकडे बघत होती. “मॅडम, हा दोनशे अकरा आहे.”

“हो.”

“आजोबा दोनशे तेरा. दोनशे बारा कुठंय?”

मी बघितलं. खरंच नव्हता.

“आमच्याकडे असंच होतंय,” ती म्हणाली. “ओएमआर शीटवर एक प्रश्न सुटला आणि गोळा वर सरकला, की खालचे सगळे गोळे चुकतेत. उत्तरं बरोबर असतेत, पण दुसऱ्याच प्रश्नाला लागतेत. सर पहिल्या दिवशी तेच सांगून राहिले होते, आधी नंबर बघा, मग उत्तर.”

माझी तीस वर्षं नोकरी झाली होती. हे मला अठरा वर्षांच्या मुलीनं सांगितलं, आणि ते शिकायची फी तिच्या बापानं भरलेली.

दोनशे बारा शोधला. निकाल शून्य. पण आता शून्याचा अर्थ वेगळा होता. आता रजिस्टर कोणतं आणि पान कोणतं ते कळलं होतं, म्हणून फोटो उघडता येत होता. पान आलं. पिवळट, एका कडेला शाईचा डाग. दोनशे अकरा, नामदेव, मराठीत, वळणदार. दोनशे तेरा, मैबू, त्याच हातचं. मधली ओळ उर्दूत होती.

काय झालं असणार ते तेव्हा कळलं. पोलीस ॲक्शननंतरची, म्हणजे निजामाचं राज्य गेल्यावरची शाळा. शिकवायची भाषा मराठी झाली तरी जुने शिक्षक उर्दूतच शिकलेले. हेडमास्तर जागेवर नसताना दुसऱ्या कुणी थोरल्या भावाचं नाव आपल्या हाताला सवय असलेल्या लिपीत चढवलं. हेडमास्तर परत आले, त्यांनी धाकट्याचं मराठीत लिहून पुढे कित्ता, कित्ता केलं. दोघांनाही एकमेकांचं वाचता येत होतं, म्हणून काही अडलं नाही. एजन्सीच्या माणसाला उर्दू येत नव्हती. त्यानं ओळ सोडली आणि पुढे गेला.

मलाही उर्दू येत नाही. मी म्हटलं, “आता कुणीतरी वाचणारं बघावं लागेल.”

रफीकभाई उठून माझ्या बाजूला आले. स्क्रीनजवळ वाकले. बोट काचेला न लावता उजवीकडून डावीकडे फिरवत गेले.

“शेख... चाँदपाशा,” ते वाचत होते. “वल्द शेख इमाम. कौम पिंजारा. साकीन कंधार.” वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा, कौम म्हणजे जात, साकीन म्हणजे राहणार. ते थांबले. मग सनाकडे वळून म्हणाले, “बडे अब्बा हायेत हे. माझे थोरले चुलते. दुकानात कापूस पिंजता पिंजता मला उर्दू यांनीच शिकवली. मी म्हणायचो, काय कामाची ही? म्हणायचे, शीक, कवा तरी लागंल.”

त्यांनी चष्मा पुन्हा काढला आणि या वेळी बराच वेळ पुसला. सनानं फाइल छातीशी धरली होती. माझे डोळे भरून आले. ऑफिसात असं होऊ नये म्हणतात, पण झालं.

आता साहेब. मी त्यांच्या केबिनमध्ये सगळं सांगितलं, फक्त कित्ता गावाचं सोडून.

“सापडलं ना? मग उतारा प्रिंट करा,” साहेब म्हणाले.

“सिस्टीमच्या उताऱ्यावर ‘जात कित्ता’ छापून येतं, साहेब. कमिटीच्या यादीत अशी जात नाही. त्यापेक्षा पानाच्या फोटोची प्रत देऊ, खाली आपली सही आणि शिक्का.”

“मॅडम, एकदा फोटो द्यायला लागलो की लोक उद्या मूळ रजिस्टर मागतील. मग डिजिटल कशासाठी केलं? नियम म्हणजे नियम. सिस्टीममध्ये जे आहे तेच.”

“सोमवारी मुदत संपते, साहेब. मुलीची सीट जाईल.”

“मला वाईट वाटतं, पण...”

त्यांच्या ‘पण’नंतर काय येतं ते मला पाठ होतं. मी हातातला दुसरा कागद टेबलावर ठेवला. त्यांचंच अध्यक्षांना लिहिलेलं पत्र. “एवढं सांगा, हे जावक करू का? तालुका लिहायचा राहिलाय.”

“हां, कित्ता. सापडलं का?”

“सापडलं. कित्ता म्हणजे वरच्याप्रमाणे. मास्तर लोक लिहायचे. सगळ्या तालुक्यांत आहे ते.”

साहेबांनी डॅशबोर्डकडे बघितलं, मग पत्राकडे. अध्यक्ष स्वतः जुन्या पिढीचे, कंधारच्या त्याच शाळेत मास्तर होते. आयुष्यभर त्यांनी कित्ता लिहिला होता. जावयाचं हे पत्र वाचून ते काय म्हणाले असते ते साहेबांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

“कुणाला दाखवलं नाही ना?” त्यांनी विचारलं.

“न्हाई साहेब.”

त्यांनी ते पत्र ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि पानाच्या प्रतीवर सही केली. शिक्का मी मारला. याला कुणी अडवणूक म्हणेल तर म्हणू दे. मी तरी ते नियमातून वाट काढणं समजते.

उर्दू ओळीचं प्रमाणित भाषांतर रफीकभाईंनी शुक्रवारी नांदेडच्या कोर्टाजवळून करून आणलं. सोमवारी कागद कमिटीत लागला. कमिटीनं मधे एक शंका काढली, दोनशे तेराची कौम दोनशे बारावरून कशी धरायची म्हणून. त्यावर सनानं रजिस्टराचं पूर्ण पान पुढे ठेवलं आणि कित्ता म्हणजे काय ते समजावून सांगितलं. महिनाभरानं व्हॅलिडिटी आली. सीट टिकली.

इकडे साहेबांनी एजन्सीला कडक मेल लिहिला. एजन्सीनं तत्परता दाखवली. एका तासात संपूर्ण सिस्टीममधला कित्ता शोधून काढला आणि त्या जागी ‘वरीलप्रमाणे’ टाकला. आता डॅशबोर्डवर सगळ्यात जास्त माजी विद्यार्थी वरीलप्रमाणे या गावचे आहेत. मेळावा नांदेडलाच झाला.

‘आढळून येत नाही’ची जुनी पत्रं मी रिटायर होईपर्यंत रोज थोडी थोडी काढून पुन्हा शोधत बसले. काही लोक सापडले, त्यांना फोन केले. काहींचे फोन लागले नाहीत. सर्च करणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. माणसाचं नाव टाकायच्या आधी, ते लिहिणारा कंटाळला असता तर त्यानं काय लिहिलं असतं, तेही एकदा टाकून बघा.

सना नंतर एकदा आली. कॉलेजच्या फाइलला त्याच पानाच्या दोन प्रती हव्या होत्या, आजोबांच्या नोंदीची एक, चुलत आजोबांच्या नोंदीची एक. तिच्या हाती रफीकभाईंनी माझ्या खुर्चीसाठी कापसाची छोटी गादी पाठवली होती. संस्था खाजगी, तेव्हा मी ती ठेवून घेतली. प्रती देण्याआधी जावक रजिस्टर ओढलं. पहिल्या ओळीत लिहिलं, सना शेख रफीक, राहणार कंधार, विषय शेख चाँदपाशा वल्द शेख इमाम यांची नोंद. दुसऱ्या ओळीवर आले, तारीख घातली आणि सवयीनं हातानं ‘कि’ काढला.

सना बघत होती.

मी ‘कि’ खोडला, शेजारी बारकी सही केली, आणि दुसरी ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत पूर्ण लिहून काढली. सना शेख रफीक, राहणार कंधार, विषय शेख महेबूब वल्द शेख इमाम यांची नोंद.